म्हशीची मर्जी

कास दुधानं तट्ट भरलेली असली, सड ताठ दिसत असले, तरी म्हशीच्या मनात नसेल तर चरवीत पडतं ते वाटीभर. बाकीचं आत असतं आणि आतच राहतं. कितीही जोरात पिळा, अंगठा दुमडून पिळा, सड सोलवटतील पण धार लागणार नाही. गायीचं एवढं कडक नसतं. गायीच्या दुधाचा साधारण पाचवा हिस्सा सडाच्या वरच्या पोकळीत आधीच उतरून थांबलेला असतो, तेवढा पान्हा नसतानाही काढता येतो. म्हशीत हा हिस्सा शेकडा पाचच्या आसपास. त्यातून तिच्या सडाचं तोंडही गायीपेक्षा जास्त आवळलेलं. उरलेलं सगळं दूध कासेच्या आत बारीक बारीक पुटकुळ्यांत असतं, आणि त्या बाहेरून हातानं पिळता येत नाहीत. त्या आतूनच पिळल्या जाव्या लागतात. ते काम म्हैस करते, आणि करायचं की नाही ते तिच्या मेंदूत ठरतं.

कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकले तेव्हा त्वचा, ग्रंथी आणि चेतासंस्था ही तीन वेगळी प्रकरणं होती. शिकवणारे सर वेगळे, वह्या वेगळ्या, आकृत्यांचे गुण वेगळे. त्वचेचा उभा छेद काढून बाणांनी भाग दाखवायचे, मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचे दोन खंड दोन रंगांनी रंगवायचे, प्रतिक्षिप्त क्रियेची कमान काढून ‘संवेदी’ आणि ‘प्रेरक’ लिहायचं, की झालं. ही तिन्ही प्रकरणं एकाच जागी एकाच वेळी चालू असलेली मी त्याआधी कितीतरी वर्षं बघत होते, कागलजवळच्या मामाच्या गोठ्यात, पहाटे, पेंगत.

मामी धारेला बसायच्या आधी धार सोडून बाकी सगळं करायची. घमेल्यात आंबोण कालवायची, सरकीची पेंड, भरडा, चिमूटभर मीठ. ते म्हशीपुढे सरकवलं की रेडकू सोडायची. रेडकू ढुशा देत देत चारी सडांना तोंड लावायचं, आणि चव लागते न लागते तोच मामी त्याचं तोंड ओढून काढायची आणि म्हशीच्या पुढच्या पायाशी बांधायची, तिला चाटता येईल इतक्या अंतरावर. मग कोमट पाण्यानं कास धुवायची. मग बोटांना लोणी. मग कुठे पहिला हात सडाला. मी जवळ उभी असले तर दबक्या आवाजात दम मिळायचा, “बोलू नगंस. हलू बी नगंस हितनं. नवं मानूस बगितलं की चोरती ती.” आणि मग मिनिट, दोन मिनिटं काहीच नाही. मामी नुसती सड चोळत बसलेली. आणि एकदम सड फुगून यायचे, चरवीतला आवाज बदलायचा, सुरुवातीच्या चिर्र चिर्रचा जाड घसघसाट व्हायचा. मामी मान वर न करता म्हणायची, “सोडला.”

त्यानंतर मात्र तिला कुणी हाक मारलेली चालायची नाही. पान्हा काही मिनिटांचाच असतो. तेवढ्यात उरकलं नाही तर उरलेलं दूध कासेतच राहून जातं.

आता कातडीकडे. म्हशीची कातडी जाड, काळी आणि विरळ केसांची. उन्हात राहण्याच्या दृष्टीनं हे काही फार शहाणपणाचं काम नाही. काळा रंग ऊन ओढून घेतो, आणि अंग थंड करायला लागणाऱ्या घामाच्या ग्रंथी म्हशीत गायीपेक्षा खूपच कमी असतात. म्हणून दुपारी तिला पाणी लागतं. पंचगंगेच्या घाटावर किंवा गावाबाहेरच्या डबक्यात नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून बसलेल्या म्हशींना आपण आळशी म्हणतो. खरं तर त्या घामाचं काम बाहेरच्या पाण्याकडून करून घेत असतात. वर चिखल माखला की माशा आणि गोचिडांपासूनही सुटका. तेलकट स्राव सोडणाऱ्या ग्रंथी मात्र तिच्या कातडीत चांगल्या वाढलेल्या असतात, पाण्यातून निघाल्यावर तिचं अंग तुकतुकीत दिसतं ते त्यांच्यामुळे.

आणि जिला धड घाम गाळता येत नाही त्याच कातडीनं मागच्या दोन पायांमध्ये कास तयार केलेली असते. कास ही कातडीची ग्रंथी आहे. वर्गात हे वाक्य मी लिहून घेतलं होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरायला वेळ लागला. गर्भाच्या पोटाच्या दोन्ही अंगांना कातडीची एक जाडसर रेघ उठते. त्या रेघेवर ठरावीक ठिकाणी गाठी धरतात, बाकीची रेघ विरून जाते, आणि त्या गाठी आतल्या बाजूला फांद्या फोडत वाढत जातात. केसाच्या मुळाशी असणाऱ्या एका प्रकारच्या घामाच्या ग्रंथीशी दूधग्रंथीचं जवळचं नातं आहे, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. ऑस्ट्रेलियातल्या बदकचोच्या प्लॅटिपसला अजूनही सड नाहीत. तो अंडी घालतो, आणि पिल्लं बाहेर आली की मादीच्या पोटावरच्या केसांतून दूध पाझरतं, ते पिल्लं टिपून घेतात. एक मत असंही आहे की दूध मुळात पिण्यासाठी नव्हतंच. पातळ कवचाची अंडी सुकू नयेत म्हणून ओली ठेवायला सस्तन प्राण्यांचे पूर्वज कातडीतून जो ओलावा सोडत, त्याचं पुढे अन्न झालं.

कातडीतून पिल्लं पोसण्याचा हा उद्योग एकट्या सस्तनांनी केलेला नाही. आपल्याकडे कोकणात आणि सह्याद्रीत पावसाळ्यात माती उकरताना देवगांडूळ सापडतं, दिसतं गांडुळासारखं पण ते बेडकाच्या गोतातलं, पाठीचा कणा असलेलं. त्याच्या आफ्रिकेतल्या एका भाऊबंदाबद्दल 2006 साली शोधनिबंध आला. केनियातल्या ताइता टेकड्यांमधली ही मादी पिल्लं झाली की आपली बाहेरची कातडी जाड आणि चरबीयुक्त करते, आणि पिल्लं खास दातांनी ती सोलून सोलून खातात. आई शांत पडून असते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. मग रेडकाच्या ढुशा आठवल्या आणि काटा थोडा कमी झाला.

सडाची कातडी बाकीच्या अंगासारखी नसते. तिच्यावर केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत, तेलाच्याही नाहीत. म्हणून थंडीवाऱ्यात आणि उन्हाळ्यात सड भेगाळतात, आणि म्हणून मामीचं ते लोणी. पण चेतातंतूंची टोकं या कातडीत दाटीवाटीनं असतात. ऊब, ओलावा, ढुशी, जिभेची चोखणी, बोटांची दाब-सोड, सगळं तिथं टिपलं जातं. तिथून खबर पाठीच्या कण्यातून वर जाते आणि मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात पोचते. इथपर्यंत क्षणाचंही काम नाही. मग मामीला दोन मिनिटं बसून का राहावं लागायचं? गायीला साधारण मिनिटभर लागतं, म्हशीला दोनपासून कधी कधी दहा मिनिटं. थोडा वेळ मेंदू हुकूम सोडायला घेतो, आणि थोडा परतीच्या वाटेत जातो, कारण परतीची वाट चेतातंतूंची नाही. ती रक्ताची आहे.

हे ज्या प्रयोगानं पक्कं झालं तो मला फार आवडतो. 1941 साली अमेरिकेत फोर्डाइस ईली आणि डब्ल्यू. ई. पीटरसन या दोघांनी गायीच्या अर्ध्या कासेच्या नसा कापून टाकल्या. मेंदूचा हुकूम तारेवरून येत असेल तर त्या अर्ध्यात पान्हा यायला नको. तो आला, दोन्ही बाजूंना सारखाच आला. म्हणजे मेंदू कासेला थेट काही सांगतच नाही. तो रक्तात काहीतरी सोडतो, आणि ते रक्त जिथं जिथं पोचतं तिथं काम होतं. मग याच जोडीनं पान्हा कशानं अडतो तेही पाहायचं ठरवलं. त्यासाठी गायीला घाबरवणं आलं. त्यांनी गायीच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि शेजारी दर दहा सेकंदांनी कागदी पिशव्या फोडल्या, दोन मिनिटं. गंभीर शास्त्रीय नियतकालिकात हे छापून आलेलं आहे. गाय घाबरली, पान्हा अडला, आणि भीतीच्या वेळी अंगात सुटणारं ॲड्रिनलिन नुसतं टोचूनही तो तसाच अडतो हे त्यांनी दाखवलं. मामीला हे मांजराचं सांगितलं तेव्हा ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. मग म्हणाली, “आन त्याला पगार मिळायचा?”

रक्तात जे सोडलं जातं ते ऑक्सिटोसिन. पियुषिका ग्रंथीच्या मागच्या खंडाच्या अर्कानं गर्भाशय आकुंचन पावतं हे 1906 साली हेन्री डेल यांना दिसलं होतं. त्याच अर्कानं शेळीचं दूध वाहू लागतं हे 1910 साली ऑट आणि स्कॉट यांना दिसलं. विन्सेंट द्यू विन्यो यांनी 1953 साली त्याची रचना उलगडली, ते प्रयोगशाळेत बनवलं आणि दोन वर्षांनी रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. नऊ अमिनो आम्लांची एवढीशी साखळी. कासेतल्या पुटकुळ्या द्राक्षाच्या घडासारख्या लगडलेल्या असतात आणि प्रत्येक पुटकुळीभोवती चिवट पेशींची जाळी असते. ऑक्सिटोसिन पोचलं की ही जाळी आवळते, आणि दूध एकदम नळ्यांत उतरतं. मामीचं ‘सोडला’ ते हेच. गंमत म्हणजे आवळणाऱ्या या पेशी स्नायूंसारख्या वागत असल्या तरी त्यांची कुळी स्नायूंची नाही, कातडीची आहे. त्यांच्यावर चेतातंतू पोचतही नाहीत.

कुळीचा विषय निघालाच आहे तर जरा लांबून यावं लागेल. 1928 साली जर्मनीत एर्न्स्ट शारर नावाच्या तरुणाला एका लहानशा माशाच्या मेंदूत अशा चेतापेशी दिसल्या की त्यांच्या पोटात ग्रंथींच्या पेशींसारखा स्राव भरलेला होता. त्यानं म्हटलं, या पेशी संदेशही वाहतात आणि स्रावही करतात. बहुतेकांनी हसून सोडून दिलं, कारण चेतापेशी म्हणजे चेतापेशी आणि ग्रंथी म्हणजे ग्रंथी, ही प्रकरणं तेव्हाही वेगवेगळीच होती. एर्न्स्ट आणि त्याची बायको बर्टा हे दोघं कल्पनेला चिकटून राहिले. त्यानं पाठीचा कणा असलेले प्राणी घेतले, तिनं बिनकण्याचे. नाझींच्या काळात 1937 साली दोघं जर्मनी सोडून अमेरिकेला गेले. तिथं नवऱ्याच्याच संस्थेत बायकोला पगारी जागा देता येत नाही, या नियमापायी बर्टा वर्षानुवर्षं बिनपगारी झुरळांवर काम करत राहिली. (मामीचा पगाराचा प्रश्न खरा इथं विचारायला हवा होता.) पुढे 1949 मध्ये वोल्फगांग बार्गमान यांनी एक खास रंग वापरून दाखवलं की हायपोथॅलॅमसमधल्या पेशींचे लांब धागे थेट पियुषिकेच्या मागच्या खंडात उतरतात आणि स्राव त्यांच्यातूनच वाहत येतो. तो खंड खरं म्हणजे मेंदूचाच खाली लोंबलेला भाग. पान्ह्याचं ऑक्सिटोसिन चेतापेशीच तयार करते आणि चेतापेशीच रक्तात सोडते.

त्याच्याही मागे जायचं तर गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत जावं लागतं. तेव्हा गर्भ म्हणजे नुसता थरांचा चपटा पापुद्रा असतो. सगळ्यात बाहेरच्या थराचा पाठीकडचा पट्टा जाड होतो, मध्ये खोलगट होतो, त्याच्या कडा वर उचलल्या जाऊन एकमेकींना भेटतात आणि एक नळी तयार होऊन आत बुडते. तीच पुढे मेंदू आणि पाठीच्या कण्यातली दोरी. त्या थराचा जो भाग बाहेर राहिला तो झाली कातडी. म्हणजे मेंदू हा आत गेलेला पृष्ठभाग आहे, माशापासून म्हशीपर्यंत सगळ्यांचा. कडा जिथं जुळल्या तिथून काही पेशी सुटून अंगभर भटकायला निघतात. त्यांतल्या काही कातडीत पोचून रंग तयार करतात. म्हशीचा काळा रंग या भटक्या पेशींचा. त्या पाठीकडून निघतात, म्हणून लांबच्या टोकांना कधी कधी पोचतच नाहीत, आणि काही पंढरपुरी म्हशींच्या कपाळावर, पायांवर, शेपटीच्या गोंड्यावर पांढरं राहतं. त्याच भटक्यांतल्या काही मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या गाभ्यात जाऊन बसतात आणि ॲड्रिनलिन बनवतात, मांजर पाठीवर आल्यावर पान्हा अडवणारं. आणि याच बाहेरच्या थराचा तोंडाच्या टाळूकडचा एक खिसा वर सरकत जाऊन मेंदूच्या तळाला चिकटतो, तो पियुषिकेचा पुढचा खंड. दूध मुळात तयार करायला लावणारं प्रोलॅक्टिन तिथलं. कास त्या थराची, सडावरची बोचरी जाणीव त्या थराची, पान्हा आणणारं त्या थराचं, पान्हा अडवणारंही त्या थराचं. तीन प्रकरणं वेगळी शिकवली म्हणून सरांना दोष देण्यात अर्थ नाही, कुठून तरी सुरुवात करावी लागते. पण कुणीतरी एक तास म्हशीवर घ्यायला हवा होता.

इतका वेळ मी मामीच्या गोठ्याचं कौतुक केलं. आता त्यातली दुसरी बाजू.

आंबोण, कोमट पाणी, लोणी, वळणाचा हात, हे सगळं म्हशीला खूश करण्यासाठी होतं, आणि तिला फसवण्यासाठीही. सगळ्यात मोठी फसवणूक रेडकाची. पान्हा रेडकासाठी येतो आणि चरवीत जातो. रेडकाला उरतं ते शेवटचं, आणि तेही घरात दुधाची गरज किती आणि डेअरीत फॅट किती लागते त्यावर. रेडी असेल तर निदान पुढची म्हैस म्हणून जपणूक होते. टोणगा असेल तर तो पान्हा आणण्यापुरता जगवायचा, आणि नाही जगला तर फारसं कुणी रडत नाही. अशी रेडकं मरताना मी पाहिली आहेत, आणि त्या घरातली माणसं वाईट नव्हती. रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरायला लागते, म्हणून काही गवळी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवत. म्हैस त्याचा वास घ्यायची, चाटायची आणि सोडायची. मेंदूपर्यंत खबर पोचवायला कातडं पुरतं.

हे फार जुनं आहे. इजिप्तमध्ये राजा मेंतुहोतेप दुसरा याच्या कावित नावाच्या राणीची दगडी शवपेटी सापडली, इसवी सनापूर्वी साधारण 2050ची. ती आता कैरोच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर धार काढतानाचं चित्र कोरलंय. गवळी खाली बसलाय, वासरू गायीच्या पुढच्या पायाला बांधलंय, आणि गायीच्या डोळ्यातून अश्रू ओघळतोय. गाय खरंच रडते का, हा प्रश्न बाजूला ठेवू. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला तो अश्रू कोरावासा वाटला, एवढं मला पुरे आहे. मामीचा गोठा आणि तो दगड यांत वासराची जागासुद्धा बदललेली नाही.

मर्जीची वाट न पाहणारी माणसंही तितकीच जुनी. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवलंय की काळ्या समुद्राच्या उत्तरेकडचे सिथियन लोक हाडाच्या नळीनं घोडीच्या योनीत हवा फुंकतात आणि दुसरा माणूस दूध काढतो. आपल्याकडे हाच प्रकार फुंका म्हणून चालायचा. योनी आणि गर्भाशयाचं तोंड ताणलं गेलं की मेंदूला वाटतं पिल्लू बाहेर येतंय, आणि तो ऑक्सिटोसिन सोडतो. प्रसूतीत कळा वाढतात त्या याच वाटेनं. फुंका मारणाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, त्याला एवढंच ठाऊक होतं की मागच्या दारानं गेलं तरी पान्हा येतो. 1960च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या 12व्या कलमात फुंका नाव घेऊन गुन्हा ठरवलेला आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि जनावर जप्त. दूध वाढवण्यासाठी अपायकारक काही टोचणंही त्याच कलमात येतं.

कलकत्त्याच्या गवळ्यांच्या फुंक्याबद्दल कळल्यावर गांधीजींनी दूध सोडलं होतं. गुजरातेतल्या खेडा सत्याग्रहानंतर ते खूप आजारी पडले, माथेरानला हवापालट झाली, मुंबईत डॉ. दलालांनी शस्त्रक्रिया केली, आणि दूध घेतल्याशिवाय अंगात ताकद येणार नाही असं त्यांनी बजावलं. गांधीजी म्हणाले, फुंक्यामुळे मी गायी-म्हशीचं दूध न घेण्याचं व्रत घेतलंय. पलंगाशी उभ्या असलेल्या कस्तुरबा चटकन म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला हरकत नसावी. ते कबूल झाले आणि नंतर आयुष्यभर बोचणी लावून घेतली, कारण व्रताच्या शब्दांत शेळी नसली तरी भावनेत सगळे प्राणी होते. मला मात्र वाटतं, कस्तुरबांनी शब्दांतली पळवाट काढली असली तरी शरीरशास्त्रानं त्या बरोबर होत्या. शेळीच्या कासेतली टाकी मोठी असते, निम्म्याहून जास्त दूध तिथं आधीच उतरलेलं असतं. तिच्या पान्ह्याची वाट पाहिली नाही तरी बरंचसं दूध हाती लागतं. फुंका मारावा एवढी अडवणूक शेळी करतच नाही.

फुंक्याच्या जागी पुढे सुई आली. द्यू विन्यो यांनी बनवलेला रेणू स्वस्तात तयार होऊ लागला आणि बिनलेबलाच्या बाटल्यांतून गोठ्यांत पोचला. धारेच्या आधी मानेत टोचलं की रेडकू नको, आंबोण नको, वाट पाहणं नको. या दुधाबद्दल शहरात जी भीती पसरते, मुली लवकर वयात येतात वगैरे, ती मला पटत नाही. ऑक्सिटोसिन हे प्रथिनाचाच तुकडा, पोटात गेलं की पचून जातं. भीती वाटायची तर म्हशीसाठी वाटावी. दोन वेळा, रोज, वेताचे सगळे महिने टोचत गेलं की पुढे सुईशिवाय ती पान्हा सोडेनाशी होते. 2018 साली केंद्र सरकारनं हा गैरवापर थांबवायला खाजगी कंपन्यांना देशातल्या वापरासाठी ऑक्सिटोसिन बनवायलाच मनाई केली आणि एकाच सरकारी कारखान्याकडे ते काम दिलं. पण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं, खेड्यातल्या दवाखान्यात ते वेळेवर मिळालं नाही तर बाई दगावते. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. म्हशीला छळणारी आणि बाळंतिणीला वाचवणारी बाटली एकच आहे, यातून कायदा करणाऱ्यांची सुटका कशी व्हावी मला सुचत नाही.

आणि मामीची बोटं तरी काय करत होती? तोच रेणू, त्याच रक्तात. मात्रा सोडली तर रसायनाच्या हिशोबात लोणी लावलेलं बोट आणि सुई यांत फरक दाखवता येत नाही. मला फरक वाटतो तो इतकाच की बोटाला म्हैस नाही म्हणू शकते. मांजर दिसलं, पाहुणा आला, मामीच्या जागी मामा बसला, की ती नाही म्हणायची आणि मग कुणाचं काही चालायचं नाही. फसवणूक होती, पण त्या फसवणुकीला रोज तिची संमती मिळवावी लागायची. सुईला आणि फुंक्याला ती लागत नाही.

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर अजून म्हशी आणून गिऱ्हाईकासमोर धार काढतात. गिऱ्हाईक पेला घेऊन उभं, फेसाळ दूध तिथंच प्यायचं. लांब तलवारीसारख्या शिंगांच्या पंढरपुरी म्हशी, भर रस्त्यात, रिक्षांचे हॉर्न वाजत असताना शांतपणे सोडतात. मामीच्या म्हशीला अनोळखी भाचीसुद्धा चालायची नाही आणि या हॉर्नला दाद देत नाहीत, याचं मला नवल वाटायचं. पण सवयीचं झालं की गोंगाटही ओळखीचा होतो. मेंदूला शांतता नको असते, नेहमीचं हवं असतं. काही जनावरं तर चरवीचा आवाज आला की सडाला हात लागायच्या आधीच पान्हावतात.

मामाच्या गोठ्याचं आता मामेभावाच्या बायकोनं, वहिनीनं, बरंच रूप पालटलंय. सिमेंटचा कोबा, वर फवारे, आणि धारेचं यंत्र. म्हैस व्यायल्याबरोबर वहिनी रेडकू उचलून वेगळं ठेवते, म्हशीला चाटूही देत नाही. आईनं ओळखलंच नाही तर आठवण कशी येणार, असा तिचा हिशोब. चीक आणि दूध रेडकाला बाटलीतून मोजून पाजते. गेल्या वेळी गेले तेव्हा संध्याकाळच्या धारेला मामी दारात बाजेवर बसून तोंड वाकडं करत होती.

“लेकरू न्हाई, वास न्हाई. कुनासाठी सोडती म्हनायची ही?”

“आत्या, रेडकं जगत्यात की आता,” वहिनी कप लावता लावता म्हणाली. “पोटभर पित्यात. तुमच्या वक्ताला किती जगायची?”

मामीनं त्यावर वाद घातला नाही. आकडा तिलाही ठाऊक होता. तिनं विषय बदलला. “बरं, ती मोटर तरी लांब न्हेऊन बशीव. कान फुटाय लागल्यात.”

“मोटर लांब न्हेली तर सोडायचीच न्हाई ती,” वहिनी म्हणाली. “आवाजावरच सोडती.”